हंसधारा सोमवारी बंद

हंसधारा धबधबा सोमवारी बंद असे.

बाकीचे दिवस तो सकाळी सुरू होई आणि संध्याकाळी बंद. मधे जेवणाची सुट्टी. ही वेळ उद्यानाच्या फाटकावर ठळक अक्षरांत लिहिलेली होती, पण ती धबधब्याची आहे असं कुणाला वाटत नसे. लोकांना ती उद्यानाची वाटे. तेवढ्या एका गैरसमजावर हिमाचलातल्या त्या दरीत कितीतरी घरांच्या चुली पेटत होत्या, आणि त्यातली एक मेघराज कोळेकरची होती.

मेघराज आटपाडीचा. आटपाडीत पाऊस येतो तो लांबच्या पाहुण्यासारखा: उशिरा येतो, उभ्या उभ्या बोलतो आणि चहा न घेता जातो. अशा गावच्या मुलानं हिमालयात जाऊन धबधबा चालवावा, यात कुणाला विनोद दिसला तर दिसू दे. मेघराजला दिसत नव्हता, कारण त्याचं लक्ष प्रेशरच्या काट्यावर असे. त्याच्या ओळखपत्रावर 'दृश्यजल चालक' असं लिहिलं होतं. घरी त्यानं 'हिमसंधारण अधिकारी' असं सांगितलं होतं. गेल्या पंधरा ऑगस्टला त्याच्या जुन्या शाळेनं त्याला बोलावून 'बर्फ वाचवा' या विषयावर भाषण करायला लावलं, आणि ज्यांनी बर्फ फक्त गोळ्याच्या गाडीवर पाहिला होता अशा दोनशे मुलांसमोर त्यानं ते केलंही. मुलांनी हात वर करून बर्फ वाचवायची शपथ घेतली. पहिल्या रांगेत बसलेल्या गुरुजींनी डोळे पुसले.

गुरुजी म्हणजे त्याचे वडील. भूगोलाचे मास्तर. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणे, म्हणून बायकोही गुरुजीच म्हणे, आणि मुलगाही.

हंसधारेला मशीन का लागलं, ते सांगायला गुरुजींचंच उदाहरण बरं पडतं. ते वर्गात म्हणत, "पाऊस म्हणजे टँकर, आणि बर्फ म्हणजे ठिबक." टँकर एकदम येतो, एकदम ओततो, आणि निम्मं रस्त्यावर सांडतं. ठिबक मात्र थेंब थेंब करत उन्हाळा काढतं. डोंगरावर हिवाळ्यात साठलेला बर्फ हे असलं प्रचंड ठिबक होतं. हंसधारेच्या डोक्यावर परातीसारखं एक खोलगट पठार आहे, त्याला तिथले लोक थाळा म्हणतात. थाळ्यात पूर्वी पुरुषभर बर्फ साठे आणि तो जुलैपर्यंत झिरपत राही.

मग हवा दोनेक अंशांनी तापली. दोन अंशांच्या तापाला ऑफिसात कुणी रजा देत नाही. पण बर्फाचं गणित शून्याच्या रेघेवर चालतं. रेघेच्या वर जे पाणी बर्फ होऊन साठायचं, तेच रेघेखाली पाऊस होऊन वाहून जातं. रेघ डोंगरावर चढत गेली आणि ठिबकाचा टँकर झाला. जो थोडा बर्फ पडे, त्यावर धूळ आणि काजळी बसे. मळका बर्फ ऊन जास्त शोषतो, म्हणून तोही लवकर पळे. आता हंसधारा मार्चमध्ये दोन आठवडे वेड्यासारखी कोसळे, म्हणजे नेमकी परीक्षा चालू असताना, आणि मेमध्ये, मुलांना सुट्टी लागल्यावर, कड्यावर एक काळपट ओघळ उरे, शेजाऱ्याच्या गळक्या टाकीतून आपल्या भिंतीवर येतो तसा.

धबधबा नाही म्हटल्यावर उद्यान कशाचं? तेव्हा व्यवस्थापनानं 'धवलक' आणलं.

धवलकामागचं विज्ञान साधं आहे. पाणी पांढरं नसतं. बर्फही पांढरा नसतो. काचेचा तुकडा पारदर्शक असतो, पण तीच काच कुटली की भुगा पांढरा दिसतो, कारण प्रकाश हजारो बारीक पृष्ठभागांवर आपटतो आणि वाट फुटेल तिकडे उधळतो. पांढरा हा रंग कसला, प्रकाशाची उडालेली धांदल आहे. म्हणजे धबधबा दिसायला पाणी लागत नाही, धांदल लागते. धवलक पाण्यात केसाहून बारीक छिद्रांतून हवा घुसवी. एका बादली पाण्यात वीस बादल्या पांढरं निघे. अडचण एवढीच, की बुडबुडे कडा उतरेपर्यंत टिकायला हवेत. साबण घातला तर टिकतात, पण संरक्षित उद्यानात साबणाला बंदी. तेव्हा मेघराजनं रिठ्याचा अर्क सुचवला आणि त्याचं प्रमाण शोधून काढलं. हा त्याच्या आयुष्यातला एकमेव शोध. आंघोळीच्या वेळी आई डोक्यावर रिठे चोळायची, तेव्हा बादलीत जो फेस राही, त्यातून तो सुचला होता.

पाणी खाली डोहात पडे, गाळणीतून जाई, पंपानं खडकामागच्या नळातून वर चढे आणि पुन्हा पडे. तेच पाणी. उडून जे कमी होई, तेवढं भरून काढायला ओढ्याचं उरलंसुरलं पाणी एका काळ्या पाईपनं टाकीत वळवलं होतं. फेस आवाज करत नाही, म्हणून खडकांत दोन स्पीकर दडवले होते. त्यांतून एका जुन्या मार्चमधली गर्जना वाजे. तुषारांत भिजलेल्या लोकांचे केस मऊ होत, आणि 'हिमालयाच्या पाण्याचा गुण' असे अभिप्राय येत. त्यामुळं महिलांची गर्दी वाढली होती.

गुरुजी पौषात गेले. शेवटच्या दिवसांत त्यांनी फोनवर विचारलं होतं, "हंसधारा चालू हाय न्हवं?"

"चालू आहे," मेघराज म्हणाला होता. हे खोटं नव्हतं. त्याच्यासमोरच्या बटणावर तोच शब्द लिहिलेला होता.

*

मेच्या मध्यात आईचा फोन आला.

"मेघा, मी येतीया."

"कुठं?"

"तुझ्याकडं. सांगलीची टूर हाय. चाळीस माणसं हायती. नाश्त्याला धपाटी बी देत्यात."

"आई, आधी सांगायचं न्हाई का?"

"आधी सांगितलं आसतं तर तू नगं म्हणाला आसतास." मागं बसच्या इंजिनाचा आवाज येत होता आणि कुणीतरी भेंड्यांमध्ये 'ळ' आला म्हणून भांडत होतं. "आन् आइक. गुरुजी बी हायती संगं."

मेघराजनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कंपासपेटीत घेतल्यात. थोडी रक्षा ठिवली हुती म्या बाजूला. तुला म्हाईत हाय न्हवं, त्यांनी काय सांगितलंय ते."

त्याला माहीत होतं. दवाखान्यात गुरुजींनी पांघरुणाची घडी उचलून हिमालय केला होता आणि त्यावर बोट चालवलं होतं. हंसधारेत सोडायचं. तिथून ओढा, ओढ्यातून बियास, बियासमधून सतलज, सतलजमधून सिंधू. "मधी पाकिस्तान लागतं," ते म्हणाले होते, "पण व्हिसा माणसाला लागतो, गाळाला न्हाई." सिंधूतून अरबी समुद्र, समुद्रातून वाफ, वाफेतून ढग, आणि मग नैर्ऋत्येचा वारा. "फक्त महाबळेश्वरला सगळा उतरू नये म्हंजे झालं. आटपाडीपतुर ढगात कायतरी शिल्लक ऱ्हायला पायजे."

राखेची वाफ होत नाही हे त्यांना ठाऊक होतं. पण जन्मभर फळ्यावर काढलेल्या बाणांवर एकदा स्वतः बसून बघावं, एवढीच त्यांची हौस होती.

मेघराजनं फोन ठेवला आणि त्याच्या डोक्यात, नको असताना, हिशेब सुरू झाला. हंसधारेत सोडलेली राख बियासला जाणार नव्हती. ती नळातून वर जाणार, कड्यावरून खाली येणार, पुन्हा वर, पुन्हा खाली. मग हळूहळू गाळणीत बसणार. गाळणी सोमवारी धुतली जाई आणि गाळ गोणीत भरून कचऱ्याच्या गाडीत. सिंधू, अरबी समुद्र आणि नैर्ऋत्य मान्सून यांच्या जागी गुरुजींच्या वाट्याला एक गोणी येणार होती, आणि ती त्यांच्या मुलानंच भरायची होती.

उद्यानाचे व्यवस्थापक नेगीसाहेब यांच्याकडं तो सुट्टी मागायला गेला. नेगीसाहेब भला माणूस. "माताजी आ रही हैं?" ते खूश होऊन म्हणाले. "फिर छुट्टी किस बात की? उस दिन प्रेशर थोड़ा बढ़ा देना."

*

बस आली. पुढं नारिंगी झेंडा घेतलेला टूर मॅनेजर सुयोग, मागं चाळीस कानटोप्या. आई शेवटी उतरली. साडीवर मेघराजचं कॉलेजातलं जॅकेट, पायात नवेकोरे बूट, हातात पत्र्याची कंपासपेटी. पेटीवरचा तिरका पोचा त्याला लगेच ओळखू आला. तो त्यानंच पाडला होता, सातवीत.

"वाळलास," आई म्हणाली. मग तिनं मान वर करून धबधबा पाहिला. प्रेशर वाढवलेलं होतं. कडाभर नुसतं दूध सांडत होतं. ती बघतच राहिली आणि मेघराजला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं.

"केवढं हाय रं हे," ती म्हणाली. मग तिनं नाक वर केलं. "मेघा, न्हाणीचा वास कशाचा येतोय?"

"झाडं आहेत आसपास."

"रिठ्याची?"

"हो."

रिठा एवढ्या थंडीत येत नाही हे गुरुजींनी तिला कधीतरी सांगितलं असणार. ती त्याच्याकडं जरा जास्त वेळ बघत राहिली, मग चालायला लागली.

"आई, रक्षा बियासला सोडू. मी नेतो तुला. मोठी नदी आहे, बघण्यासारखी आहे."

"गुरुजींनी हितं सांगितलंय. जितं बरफ इतळतं तितं."

"इथं परवानगी नाही."

"काकू, परवानगीचं बघितलंय मी," सुयोग मागून म्हणाला. काही माणसं नको तेव्हा कर्तबगार असतात. "साहेबांशी बोललो. ते म्हणाले, स्टाफचे वडील म्हणजे आमचे वडील." मग तो कमरेचा माईक तोंडाशी नेऊन म्हणाला, "मंडळी, सगळ्यांनी डोहापाशी यायचंय. आपल्या ग्रुपमधल्या कोळेकर काकूंचे मिस्टर, आदरणीय गुरुजी, यांच्या रक्षाविसर्जनाचा छोटासा कार्यक्रम आहे. त्यानंतर पिठलं-भाकरी. आणि अभिमानाची गोष्ट म्हणजे, त्यांचे चिरंजीवच या धबधब्याचं रक्षण करतात."

टाळ्या पडल्या. दाभाडेमामा म्हणून एक गृहस्थ होते, वीज मंडळातून निवृत्त झालेले. ते पुढं येऊन मेघराजचा हात हातात घेऊन म्हणाले, "आम्ही आयुष्यभर तारा राखल्या, तुम्ही डोंगर राखताय."

"माझा ल्योक बरफ राखतोय हितं," आई बाजूच्या बाईंना सांगत होती. "गुरुजींनी शाळंत त्याचं भाषण आइकलं आन् घरी येऊन ज्येवलं न्हाईत. प्वाट भरलं म्हणाले."

मेघराज म्हणाला, "आलोच." तो वळला आणि जवळजवळ पळत आपल्या केबिनमध्ये शिरला. केबिन फायबरच्या खोट्या खडकात होती. खडकाला बाहेरून न दिसणारी काच होती. त्या काचेतून त्याला सगळं दिसत होतं. चाळीस माणसं टोप्या काढून उभी. आईनं बूट काढले, डोहात घोट्यापर्यंत पाय घातले, कंपासपेटी उघडली. आत कर्कटक होतं, अर्धवर्तुळाकार कोनमापक होता आणि प्लास्टिकची पुडी होती. तिनं पुडीची गाठ सोडायला घेतली. गाठ निरगाठ होती. ती दातानं सोडायला लागली.

दोन गोष्टी त्याला एकाच वेळी कळल्या. गप्प राहिलं तर कुणाला काहीच कळणार नाही, हे एक. आणि आपण गप्प राहणार आहोत, हे दुसरं. तो स्वतःला ओळखत होता. दोन वर्षं तो हेच करत आला होता आणि त्याला ते चांगलं जमत होतं.

गाठ सुटली.

त्यानं लाल बटण दाबलं.

धबधबा एकदम थांबत नाही. वरचा काठ आधी तुटतो, मग पांढरं शेपूट कड्यावरून सरसर खाली येतं आणि डोहात पडून संपतं. मागं काळा, ओला, उघडावाघडा कडा राहिला. त्याच्या माथ्यावर एका ओळीत स्टीलच्या चकचकीत तोट्या, लग्नाच्या मांडवात हात धुवायला लावतात तशा. पण स्पीकर वेगळ्या बटणावर होते आणि घाईत तो ते विसरला. पाणी नसताना हंसधारा गर्जत राहिली. चाळीस माणसं कोरड्या कड्याकडं बघत ती गर्जना ऐकत होती. मेघराजनं तेही बंद केलं.

शांतता पडली. तो वाट बघत राहिला. आता ओरडतील, पैसे मागतील, दगड मारतील.

दाभाडेमामांनी तोट्या निरखल्या, मान हलवली आणि म्हणाले, "लाईट गेली."

"हां," सगळे म्हणाले, आणि सुटकेसारखं काहीतरी सगळ्यांच्या तोंडावर पसरलं.

"जनरेटर नाही होय यांच्याकडं?"

"असणार, पण डिझेल कुणी भरायचं."

"आमच्या सोसायटीत लिफ्टचं हेच."

"तोवर चहा घेऊन टाकू," सुयोग माईकवर म्हणाला. "लाईट आली की कार्यक्रम पुढं चालू."

लोक चहाकडं वळले. धबधब्याला लाईट कशाला लागते, हे एकानंही विचारलं नाही. दगड मारले असते तर बरं झालं असतं, असं मेघराजला वाटलं. दगड मारणाऱ्याला निदान खरं-खोटं वेगळं वाटत असतं.

डोहात एकटी आई उभी होती. तिनं पुडीला पुन्हा गाठ मारली, पुडी कोनमापकाशेजारी ठेवली, पेटी मिटली. अनवाणी चालत खोट्या खडकापाशी आली आणि बोटाच्या पेरानं टकटक केलं. खडक डब्यासारखा वाजला.

"मेघा. भाईर ये."

तो बाहेर आला. ती ओरडेल, निदान रडेल, असं त्याला वाटलं होतं. ती म्हणाली, "खरं पानी कुठाय?"

*

खडकामागून टाकीकडं पायवाट जात होती. आई पुढं, तो मागं. मधे ती दम खायला थांबली आणि मागं न बघता म्हणाली, "गुरुजींना ठावं हुतं?"

"न्हाई. चालू आहे म्हणालो होतो त्यांना."

"हूं," ती म्हणाली. तो हुंकार त्याला चढणभर पुरला.

टाकीपाशी काळा पाईप ओढ्याच्या पात्रातून येत होता. मेघराजनं टाकीचं झाकण उचललं. पाईपच्या तोंडातून अंगठ्याएवढी धार आत पडत होती.

"हे?"

"हे."

"सगळं?"

"सगळं. बाकी वरती हाय ते तेवढंच." त्यानं थाळ्याकडं बोट केलं. परात रिकामी होती. एका कड्याच्या सावलीत गोठ्याच्या पत्र्याएवढा बर्फाचा मळका तुकडा उरला होता, आणि दुपारी तोही उन्हात येई.

"आपल्या आटपाडीच्या नळाला ह्याच्यापरीस मोठी धार येती," आई म्हणाली. मग तिनं खाली पाहिलं. ओढ्याचं पात्र पांढऱ्या कोरड्या गोट्यांचं, कड्याला बगल देऊन दरीतल्या गावाकडं वळत गेलेलं. "त्या गावाला पानी?"

मेघराजनं झाकण लावलं, मग उगीच परत उघडलं. "टँकर जातो."

"हिमालयात टँकर," आई म्हणाली आणि एका दगडावर बसून हसायला लागली. तोंडाला पदर लावून, खांदे हलवून, ती बराच वेळ हसत होती. तिनं थोबाडीत मारली असती तर त्याला सोसलं असतं. हसू आवरल्यावर ती म्हणाली, "टँकर आला की तू कळशी घिऊन पळायचास. आठवतंय? एकदा पडलास आन् गुडघा फुटला, तरी कळशी सोडली न्हाईस. गुरुजी अख्ख्या गावाला सांगत फिरले."

"आठवतंय."

"तसलंच एखादं प्वार तितं बी पळत आसंल."

तो पान्हा घेऊन आला. पाईपचा जोड गंजला होता, सुटता सुटेना. त्याला घाम फुटला आणि त्या घामाचं त्याला बरं वाटलं. जोड निघाला. धार टाकीत पडायची थांबली आणि पात्रातल्या गोट्यांवर पडायला लागली. आईनं पुडी सोडली. गुरुजी पाण्यावर करडे उमटले, दोन गोट्यांमधून वळले, तिसऱ्याला वळसा घातला, आणि एखादी म्हैस बसेल एवढ्या अंतरावर, पाण्यासकट, दगडांत दिसेनासे झाले.

"गेले?"

"जिरले."

"फुडं जातील?"

भूजल असतं, आई, पाणी जमिनीखालूनही नदीला मिळतं, असं सगळं वाक्य त्याच्या जिभेवर तयार होतं. त्यात थोडं खरंही होतं. थोडं खरं असलेली वाक्यं त्याच्याकडं नेहमीच तयार असत. त्यानं ते गिळलं.

"म्हाईत न्हाई."

खालून सुयोगचा माईक ऐकू आला. भाकरी थंड होतीय, लाईटचं काय ते विचारा, असं तो कुणाला तरी सांगत होता.

"पायीप परत जोडणार?" आईनं विचारलं.

पान्हा अजून त्याच्या हातात होता. डोहात होतं तेवढ्या पाण्यावर हंसधारा काही आठवडे चालली असती. भर पडली नाही तर संपली असती. हंसधारेबरोबर त्याचा पगारही.

"न्हाई," तो म्हणाला.

खाली येऊन त्यानं हिरवं बटण दाबलं. लाईट आली म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या. पिठल्यानंतर ग्रुप फोटो झाला. त्या फोटोत मागं हंसधारा आहे, पुढं चाळीस माणसं दात दाखवून उभी आहेत, आणि आई एकटीच कॅमेऱ्याकडं न बघता वर टाकीकडं बघते आहे.

*

त्यानंतर रोज संध्याकाळी आटपाडीहून फोन येई. कसा आहेस, जेवलास का, हे बंद झालं होतं.

"गुरुजी कुठवर आले?"

मेघराज उन्हं कलली की पात्रात उतरून बघून येई. कोरडं पात्र आधी स्वतःची तहान भागवतं, मग पाण्याला पुढं सोडतं. धार रोज थोडी सरके. "मोठ्या शिळेपाशी." "पडक्या देवदाराखाली." एकदा आई म्हणाली, "रांगत्यात व्हय?" आणि एकदा तो स्वतःच, विचारायच्या आधी, "गावाच्या गुरांनी आज त्यातलं पाणी पिलं," म्हणाला. पलीकडं आईनं हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "गुरुजींना जनावरांची आवड हुतीच."

इकडं हंसधारा रोडावत होती. नेगीसाहेब डोळे बारीक करून म्हणाले, "कोळेकर, ये दुबली क्यों हो रही है?" मेघराजनं खांदे उडवले. साहेबांनी रिठा वाढवायला सांगितला. रिठा वाढवला, तर पाणी पडायचं सोडून फेस कड्यावरच बसायला लागला, दाढीच्या साबणासारखा. वारा आला की त्याचे ढब्बू गोळे उडत आणि पर्यटक बर्फ, बर्फ म्हणत ते झेलत. जूनच्या सुरुवातीला पंपानं हवा ओढली. हंसधारा दोनदा खोकली आणि थांबली.

नेगीसाहेब स्वतः टाकीपर्यंत चढून आले. सुटलेला जोड त्यांनी पाहिला. त्याच्याखाली ओली वाट पाहिली, ती गावाकडं जाताना पाहिली. ओरडायला तोंड उघडलं आणि मग वर थाळ्याकडं बघून मिटलं. सावलीतला पत्र्याएवढा तुकडा गेला होता. पाईपमधून आता थेंब येत होते, मोजता येतील असे. पाईप जोडला काय आणि सोडला काय.

"मरम्मत के लिए बंद," असा बोर्ड लावायला त्यांनी सांगितलं. मेघराजला कामावरून काढताना म्हणाले, "लिख दूँगा कि मशीन ख़राब थी."

"मशीन ठीक थी, साहब," मेघराज म्हणाला.

सामान बांधून तो रस्त्यावरच्या पुलापर्यंत चालत आला. ओली वाट पुलाखालच्या वाळूत संपत होती. कड पायानं दाबली तर ओलावा वर येई, पाय काढला की परत खाली. पुढच्या वळणापलीकडं बियास वाहत होती. तिचा आवाज इथवर येत होता, खराखुरा, स्पीकरविना. एका वळणाचं अंतर.

फोन वाजला.

"गुरुजी कुठवर आले?"

त्याला फक्त फोन त्या आवाजाकडं धरायचा होता. काही बोलायचीही गरज नव्हती. आईनं नदी ऐकली असती, आणि उरलेलं गुरुजींच्या नकाशानं केलं असतं. हात अर्धा उचललाही गेला. मग तो हात आपलाच आहे, हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्याचे कान तापले.

"पुलाशी अडकलेत," तो म्हणाला. "पाणी संपलं."

आईच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

"बरफ?"

"संपलं."

"परत कवा पडंल?"

"डिसेंबरात. पडलं तर."

"पडलं तर," तिनं म्हणून बघितलं. गॅस बंद केल्याचा आवाज आला. "मग तू ये घरी."

"काय तोंड घेऊन येऊ?"

"हाय त्येच घिऊन ये. हेडमास्तर यिऊन गेलं सकाळी. पंधरा आगस्टला परत तुझं भाषान ठिवलंय. पोरं वाट बघत्यात म्हणं."

मेघराज पुलाच्या कठड्यावर बसला. दोनशे हात त्याच्यासमोर वर झाले.

"त्यांना काय सांगू, आई?"

"गुरुजी कुठवर आले, ते सांग."